वाळवंटी राज्यात मुलं वाढवायला छोटं गाव शोधतोय (ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा)

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते, जरा लांबेल.

आम्ही ९ वर्षं झाली चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या अंगाला, राहतोय. मुलगी ७ ची, मुलगा ३ चा. नवऱ्याचं काम आता पूर्णपणे घरून चालतं आणि मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे छोट्या गावातल्या हॉस्पिटलातही मला काम मिळू शकतं. इथे मराठी माणसं भरपूर, गणपती, दिवाळी सगळं जोरात, ग्रोसरी पाच मिनिटांवर. तरीही आता इथून हलावं असं दोघांनाही वाटायला लागलंय.

कारण सांगते. २०२३ च्या जुलैत इथे सलग ३१ दिवस तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होतं, म्हणजे आपल्या हिशेबात ४३ च्या पुढे. मुलगी तेव्हा लहान होती, संध्याकाळी साडेसहाला पार्कमध्ये नेली, सूर्य कलला होता म्हणून मीही निर्धास्त होते, ती घसरगुंडीवर बसली आणि किंचाळलीच. मांडीच्या मागच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा लाल चट्टा. त्यानंतर मे ते सप्टेंबर मुलं घरात, गाडीत नाहीतर मॉलमध्ये. अशी पाच वर्षं गेली की त्यांचं लहानपण संपलं.

दुसरं म्हणजे पाणी. मी मूळची सांगोला तालुक्यातली. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि टँकरच्या रांगेत हंडा लावायचा हे मी केलेलं आहे. १ जानेवारी २०२३ ला इथे शेजारच्या रिओ व्हर्दे फूटहिल्समधल्या शेकडो घरांचं टँकरचं पाणी स्कॉट्सडेल शहरानं बंद केलं, आमचं पाणी आमच्या हद्दीतल्या लोकांना म्हणाले. टीव्हीवर मोठमोठे बंगले आणि त्यांच्या दारात टँकर बघून मला आमच्या गल्लीचीच आठवण आली, त्या रात्री झोप लागली नाही. मग जूनमध्ये गव्हर्नर हॉब्ज यांनी जाहीर केलं की फिनिक्स भागात नुसत्या भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी मिळणार नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात पाणी कमी पडतंय असं निघालं.

तर आम्हाला असं गाव हवंय: उन्हाळ्यात मुलं बाहेर खेळू शकतील, पाणी पुढची ३०-४० वर्षं तरी पुरेल, शाळा बरी असेल, लहान मुलांचा डॉक्टर तासाभरात गाठता येईल आणि घर आवाक्यातलं असेल. डोंगर, उघडं आकाश, कोरडी हवा आम्हाला मनापासून आवडते, म्हणून सिॲटल किंवा नॉर्थ कॅरोलिनाला जा असं कृपया सांगू नका. प्रेस्कॉट, फ्लॅगस्टाफ, बिस्बी, सिल्व्हर सिटी, लास क्रूसेस, बोल्डर सिटी एवढी नावं काढलीत. जे तिथे राहिलेत त्यांनी लिहा, प्लीज.

चांदणी_रात

कोरडवाहू, मी फ्लॅगस्टाफला ६ वर्षं आहे. समुद्रसपाटीपासून ७,००० फूट, त्यामुळे चँडलरला ४५ असतं तेव्हा आमच्याकडे २८-३०, मुलं दिवसभर बाहेर. २००१ मध्ये जगातलं पहिलं डार्क स्काय शहर आमचं झालं, रस्त्यांवरचे दिवे मंद आणि खाली झाकलेले. माझा मुलगा अंगणातून आकाशगंगा बघतो. १९३० मध्ये प्लूटो सापडला ती वेधशाळा इथेच टेकडीवर आहे, शाळेच्या सहली तिथे जातात. हिवाळ्यात बर्फ मात्र रग्गड, फावडं मारायची तयारी हवी.

पण दोन गोष्टी स्पष्ट सांगते. घरं फार महाग, विद्यापीठातली मुलं आणि फिनिक्सवाल्यांची सुट्टीची घरं यामुळे भाडंसुद्धा परवडत नाही, आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका त्यापायी गाव सोडून गेल्या. आणि आग. २०२२ मध्ये टनेल फायर आणि पाइपलाइन फायर अशा दोन लागल्या. आग विझते, पण जळलेल्या डोंगरावर माती पाणी धरत नाही, मग जुलै-ऑगस्टच्या पावसात काळं पाणी, राख आणि लाकडं वस्तीत येतात. मैत्रिणीच्या गल्लीत वाळूच्या पोत्यांची भिंत दोन वर्षं तशीच होती.

घर आवडलं की ऑफर देण्याआधी इन्शुरन्सचा कोट घ्याच. आमच्या कंपनीनं पॉलिसी रिन्यू करायला नकार दिला आणि दुसरीनं जवळजवळ दुप्पट मागितले.

वाळ्याचा_पंखा

मी नागपूरचा, सध्या टूसॉन. ऊन मला नवं नाही, पण नागपूरला मे महिन्यात ४६ झालं तरी जूनच्या मध्यात पाऊस येतो आणि सुटका होते. फिनिक्सची अडचण रात्रीची आहे. काँक्रीट आणि डांबर एवढं तापतं की पहाटेसुद्धा पारा ३२ च्या खाली उतरत नाही, शरीराला निवायला वेळच मिळत नाही. मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, २०२३ मध्ये उष्णतेनं ६४५ माणसं गेली. कोरडवाहूताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगतो, व्हॅली फीव्हर. इथल्या मातीत एक बुरशी असते, धूळ उडाली की ती श्वासातून फुफ्फुसात जाते. अमेरिकेतल्या या आजाराच्या सगळ्यात जास्त केसेस ॲरिझोनात होतात. मला पहिल्याच वर्षी झाला. खोकला, रात्री घाम, जिना चढवेना. पाच आठवडे न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक चालू होतं, त्यानं बुरशीला काय होणार, शेवटी माझ्या बायकोनं हट्टानं रक्ताची टेस्ट करायला लावली तेव्हा कळलं. बहुतेकांचा आपोआप बरा होतो पण काहींना वर्षभर औषध घ्यावं लागतं. नवीन बांधकाम चालू असलेल्या वसाहतीत लहान मुलांना घेऊन राहणार असाल तर हे डोक्यात ठेवा. खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला की टेस्ट मागा.

टूसॉन काही छोटं गाव नाही, पण एक बघून जा. डनबार स्प्रिंग नावाच्या वस्तीत ब्रॅड लँकेस्टर यांनी रस्त्याच्या कडेचा काँक्रीटचा काठ कापून पावसाचं वाहतं पाणी झाडांच्या आळ्यात वळवलं. सुरुवातीला ते नियमात बसत नव्हतं, नंतर शहरानंच ते कायदेशीर केलं. आता टाक्या बसवायला टूसॉन शहर २,००० डॉलरपर्यंत परत देतं. हिशेब करा, पाऊस वर्षाला साधारण २८० मिलिमीटर, छप्पर १,५०० स्क्वेअर फूट, म्हणजे ३९ हजार लिटर एका घरावर पडतं. माझ्या अंगणातली लिंबं आणि शेवगा त्यावरच जगतात. आणि इथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड, शेंगा वाळवून दळतात, गोडसर पीठ होतं, मी त्याचे घावन करतो.

कोरडवाहू

वाळ्याचा_पंखा, व्हॅली फीव्हरबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, माझ्याकडेही असे पेशंट येतात, महिनोन्महिने दम लागतो. डनबार स्प्रिंगला पुढच्याच रविवारी जाऊन येतो. चांदणी_रात, इन्शुरन्सचं डोक्यातच नव्हतं गं.

बिस्बी आणि सिएरा व्हिस्टा भागात कुणी आहे का? तिथे ५ एकर आणि बोअर असं घर एकदम स्वस्तात दिसतंय.

पाटकरी

थांबा. स्वस्त जमीन आणि बोअर हे शब्द एकत्र दिसले की थांबायचं.

मी साक्रीचा, गेली १४ वर्षं उत्तर न्यू मेक्सिकोत. ॲरिझोनाचा भूजल कायदा १९८० चा. त्यात फिनिक्स, टूसॉन, प्रेस्कॉट असे काही ठरावीक पट्टे आखलेत, तिथेच मोजमाप आणि शंभर वर्षांची अट. पट्ट्याच्या बाहेर, म्हणजे राज्याच्या जवळपास ८० टक्के जमिनीवर, किती उपसायचं याला बंधनच नाही. ज्याचा पंप खोल त्याचं पाणी. विल्कॉक्सच्या खोऱ्यात मोठ्या डेअऱ्या आणि पिस्ता-पेकनच्या बागा आल्या, हजार-हजार फुटांचे बोअर मारले आणि आजूबाजूच्या साध्या घरांचे बोअर कोरडे पडले, जमिनीला भेगा पडल्या. विल्कॉक्समध्ये आता कुठे सरकारनं लक्ष घातलंय, पण गेलेलं पाणी काही परत येत नाही. पश्चिमेला बटलर व्हॅलीत तर सौदी कंपनी सरकारी जमिनीवर लसूणघास पिकवून गाईंसाठी जहाजानं तिकडे पाठवत होती, त्यातला एक करार २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द झाला आणि बाकीचे पुढे वाढवले नाहीत. कोरडवाहू, तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या, टँकरच्या तालुक्याशेजारी ऊस कसा उभा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं सांगणं, गाव निवडताना पाणी किती आहे हे दुसरं बघा. पहिलं हे बघा की नवीन माणसाला नाही म्हणायचा अधिकार त्या गावात कुणाकडे आहे का, आणि तो वापरला जातो का. पाणी थोडं असून नाही म्हणणारं गाव टिकतं. हिवरे बाजारमध्ये पाऊस कुठे जास्त पडतो? पण पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको असं ठरवलं आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, म्हणून ते उभं आहे.

न्यू मेक्सिकोत जमिनीखालचं पाणी जनतेचं, घरगुती बोअरलासुद्धा स्टेट इंजिनिअरच्या ऑफिसचा परवाना लागतो आणि वर्षाला एक एकर-फुटाची, म्हणजे १२ लाख लिटरची मर्यादा असते. आणि आमच्याकडे असेकिया आहेत, स्पॅनिश काळापासूनचे पाट, राज्यात साधारण ७००. मी इथे घर घेतलं तेव्हा शेजारचे म्हातारे गृहस्थ पहिल्याच आठवड्यात दारात आले आणि म्हणाले, मार्चमध्ये पाट साफ करायचा असतो, फावडं आहे का तुझ्याकडे. मला भरून आलं होतं. कारण पांझरेवरच्या आमच्या फड पद्धतीत हेच होतं. बंधारा सगळ्यांचा, कुठल्या फडाला कधी पाणी हे पाटकरी सांगणार, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचल्याशिवाय वरच्यानं दारं फोडायचं नाही. इथे पाटकऱ्याला मायोर्दोमो म्हणतात. दुष्काळात सगळ्यांचंच कमी होतं, कुणा एकाचं बंद होत नाही.

दगडी_जोतं

पाटकरी यांच्या मुद्द्याला धरून. मी हेंडरसन, नेवाडाला आहे, बोल्डर सिटी इथून २० मिनिटांवर. १९३१ मध्ये हूवर धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव, लोकसंख्या १५ हजार. १९७९ मध्ये गावकऱ्यांनी मत देऊन ठरवलं की वर्षाला १२० च्या वर नवीन घरं बांधू द्यायची नाहीत, आणि ते अजून पाळलं जातंय. जुगार बंद. गावाच्या वाळवंटी जमिनीवर मोठे सोलर प्रकल्प आहेत, त्यांचं भाडं गावाच्या तिजोरीत येतं. संध्याकाळी पार्कमध्ये डोंगरातली रानमेंढरं उतरतात, मुलं कुंपणाला टेकून बघत बसतात.

उणी बाजू म्हणजे उन्हाळा फिनिक्सपेक्षा थोडाच कमी, २,५०० फुटांवर आहे. घर मर्यादित म्हणून किंमत चढी. शाळा सगळ्या अख्ख्या काउंटीच्या एकाच प्रचंड डिस्ट्रिक्टखाली.

पाण्याचं म्हणाल तर कोलोरॅडो नदीतून नेवाडाचा वाटा ३ लाख एकर-फूट, आपल्या भाषेत १३ टीएमसी. ॲरिझोनाचा २८ लाख एकर-फूट, १२० टीएमसीच्या वर, म्हणजे कोयनेपेक्षा जास्त. तरीही नेवाडा जास्त शहाण्यासारखं वागतं, कारण हातात थोडंच होतं. लास व्हेगासमध्ये घरात वापरलेलं पाणी शुद्ध करून परत लेक मीडमध्ये, म्हणजे हूवर धरणाच्या जलाशयात, सोडतात, आणि नुसत्या शोभेच्या लॉनवर २०२१ मध्ये कायद्यानं बंदी आणली. सात राज्यांचं पाणीवाटप सध्या ज्या नियमांवर चाललंय त्यांची मुदत २०२६ अखेर संपते. त्यापुढे काय ठरतं ते बघूनच ॲरिझोनात घर घ्या असं मी कुणालाही सांगेन.

आजीची_शिदोरी

मी पुण्याहून लिहितेय, मला तिथलं फारसं कळत नाही, पण मुलगा-सून ॲरिझोनात एका छोट्या गावात राहतात आणि मी दोनदा सहा-सहा महिने राहून आलेय म्हणून सांगते.

गाव फार सुंदर होतं गं, डोंगर लाल, हवा छान. पण सकाळी सगळे गेले की चार वाजेपर्यंत मला बोलायला माणूस नाही. फुटपाथ नाही, दुकान चार मैलांवर, मला गाडी चालवता येत नाही. एकदा मला छातीत दुखायला लागलं तर सून ७० मैल गाडी चालवत घेऊन गेली, ॲसिडिटीच निघाली, पण त्या सव्वा तासात पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही आई-वडिलांना बोलावणार असाल तर चालत जाता येईल असं काहीतरी जवळ असलेलं घर बघा, लायब्ररी म्हणा, बाजार म्हणा. नातवंडांनाही तेच लागतं. गाडीत बसल्याशिवाय कुठे जाताच येत नसेल तर मूल कायम परावलंबी.

कोरडवाहू

आजी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. सासूबाईंचं हेच म्हणणं होतं आणि आम्ही ते यादीत घेतलंच नव्हतं. आता घेतलंय.

पाटकरी, नाही म्हणणारं गाव हे मनात पक्कं बसलं. बिस्बीकडचं ५ एकराचं बुकमार्क काढून टाकलं. प्रेस्कॉट पण बाजूला ठेवलं, तिथे नियम आहेत पण निवृत्त लोकच जास्त, आमच्या मुलीच्या वयाची मुलं कमी दिसली, आणि २०१३ च्या यार्नेल आगीत तिथल्या अग्निशमन दलाची १९ तरुण मुलं गेली ते स्मारक बघून आल्यापासून तिथल्या झाडीत घर घ्यायला मन धजत नाही. उरलं सिल्व्हर सिटी आणि लास क्रूसेस.

लाल_मिरची

मी कोल्हापूरची, लास क्रूसेसला ११ वर्षं, दोन मुलं इथेच वाढली. सिल्व्हर सिटीतही दीड वर्ष राहिलोय, त्यामुळे दोन्हींचं लिहिते.

सिल्व्हर सिटी ६,००० फूट, वस्ती दहा हजारही नाही. मला अजून ते गाव स्वप्नात येतं. मेन स्ट्रीट होती तिथे आता खोल नाला आहे, कारण डोंगरावरची झाडं तोडली, गुरं चारली आणि १८९५ आणि १९०३ च्या पुरांनी अख्खा रस्ता खरवडून नेला. त्या नाल्याची आता सावलीची बाग झालीय, आमची मुलं तिथे बेडूक शोधायची. उत्तरेला गिला, १९२४ मध्ये जगातलं पहिलं राखीव रान म्हणून जाहीर झालेलं. उन्हाळ्यात रात्री पांघरूण लागतं. शनिवारी शेतकरी बाजारात सगळे एकमेकांना नावानं ओळखतात.

पण पोटापाण्याचं सगळं तांब्याच्या खाणींवर, भाव पडला की गावावर अवकळा. लहान मुलाला कानाचा त्रास होता, स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट साडेतीन महिन्यांनी, तीही ११० मैलांवर. मार्चमध्ये लॉर्ड्सबर्गजवळ धुळीचं वादळ आलं की हायवे बंद होतो. तिथे पुढची गाडी दिसत नाहीशी होते, मी एकदा त्यात सापडले होते, मागच्या सीटवर दोन्ही मुलं, रस्त्याच्या कडेला दिवे बंद करून, ब्रेकवरचा पाय काढून बसलो, कारण दिवे दिसले की मागून येणारा त्यालाच रस्ता समजून येऊन धडकतो. वीस मिनिटं. त्यानंतर आम्ही हललो.

लास क्रूसेस साधारण बार्शीएवढं, लाखभर वस्ती, ३,९०० फूट. उन्हाळ्यात ३६-३७, रात्री २० पर्यंत उतरतं. डेझर्ट कूलरवर भागतं, नागपूरवाल्यांना माहीत असेल, फक्त जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो कुचकामी होतो. विद्यापीठ आहे, हॉस्पिटलं आहेत, एल पासोचा विमानतळ तासाभरात. ऑगस्टच्या शेवटी किराणा दुकानाच्या दारात लोखंडी पिंपात हिरव्या मिरच्या भाजतात, तो वास आला की मला आईच्या ठेच्याचा तव्यावरचा खमंग ठसका आठवतो.

पैशाचं आणि मुलांचं. हे गरीब राज्य आहे, मुलांच्या परिस्थितीच्या देशव्यापी याद्यांत न्यू मेक्सिको वर्षानुवर्षं शेवटचं, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळा बघताना वर्गात जाऊन बसा, नुसते रेटिंग बघू नका. मला स्वतःला इथले शिक्षक फार जीव लावणारे मिळाले आणि मुलं दोन भाषांत सहज बोलतात. पण तेलाच्या पैशातून राज्य मुलांवर खर्चही करतंय, २०२५ च्या नोव्हेंबरपासून पाळणाघर सगळ्यांना मोफत, उत्पन्नाची अट नाही, आणि राज्यातल्या मुलांना सरकारी कॉलेजची फीही २०२२ पासून माफ आहे. तुमच्या ३ वर्षांच्या मुलासाठी हा महिन्याला मोठा फरक आहे.

पाणी. गावाला पिण्याचं पाणी भूजलाचं. रिओ ग्रांदे गावाला लागून वाहते असं नकाशात दिसतं पण वर्षातले बहुतेक महिने पात्रात नुसती वाळू असते. वर एलिफंट ब्यूट धरण आहे, १९१६ चं, भरलं तर ८५-९० टीएमसी, पण २००० नंतर ते काठोकाठ भरलेलंच नाही. टेक्सासनं आमच्यावर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात केस टाकली, तुम्ही पंप लावून नदीचंच पाणी ओढता म्हणून, २०२४ मध्ये कोर्टानं तडजोड नाकारली, म्हणजे कृष्णा लवादासारखंच. पेकनच्या बागा इथेही पाणी पितात. त्यामुळे इथे पाणी मुबलक आहे असं मी म्हणणार नाही, पण मोठ्या विहिरींना मीटर आहेत, हिशेब उघड आहे आणि भांडण कोर्टात झालं, अंधारात नाही.

पाटकरी

लाल_मिरची, छान लिहिलंत. डोंगरातल्या घरांबद्दल एवढंच जोडतो, २०२२ ची हर्मिट्स पीक आग सरकारी खात्यानं मुद्दाम लावलेल्या जाळातूनच पसरली आणि ३ लाख ४० हजार एकर जळालं. राखेमुळे लास व्हेगास गावाला (आमचं न्यू मेक्सिकोतलं) नदीचं पाणी घेता येईना, पन्नास दिवसांचंही पाणी उरलं नव्हतं. नंतर २०२४ च्या जूनमध्ये रुइडोसो जळलं. झाडीतलं थंड गाव आणि उघड्यावरचं उष्ण गाव यात मुलांसाठी कुठला धोका पत्करायचा हे आपापलं ठरवावं लागतं. माझ्या घराभोवती मी ३० फुटांपर्यंत एकही पाइन ठेवलेला नाही.

कोरडवाहू

मंडळी, दोन्हीकडे जाऊन आलो. शाळा सुटल्या सुटल्या निघालो, मुद्दाम उन्हात.

सिल्व्हर सिटीत चार दिवस. मन तिथेच राहिलंय. पण हॉस्पिटलात कामाची चौकशी करायला गेले तेव्हा तिथल्या सहकारीबाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, इथले सगळे तुझे पेशंट होतील आणि तुझ्या मुलाला ताप आला तर तूच गाडी काढशील. लाल_मिरचीचा कानाचा किस्सा आठवला.

मग लास क्रूसेस. पहिल्या दिवशी नदीवर गेलो, कोरडी ठाक. मुलानं विचारलं नदी कुठे गेली. त्याला काय सांगायचं कळेना. लाल_मिरचीनं फोनवर सांगितलं की धरणातून सोडलंय, दोन-तीन दिवसांत पोचेल, थांबा. थांबलो. सकाळी सातला पुलाखाली वीसेक माणसं उभी होती, म्हातारी, कुत्रीवाली, कडेवर मूल घेतलेली. आधी वाळूवरून काटक्या आणि फेस सरकत आला, मागून चपलेच्या तळाएवढं जाड तपकिरी पाणी, माणसाच्या चालीनं. मुलगा त्या पाण्याच्या तोंडाबरोबर काठाकाठानं चालत होता, मुलगी पुढे पळून जायची आणि येईपर्यंत वाट बघत बसायची. एक आजोबा स्पॅनिशमध्ये नातीला काहीतरी सांगत होते, मला फक्त आग्वा, म्हणजे पाणी, एवढंच कळलं. मला आमच्या गावात कालव्याला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आजी खण-नारळ घेऊन गेली होती ते आठवलं.

घर घेत नाही, एक वर्ष भाड्यानं राहतोय, जुलै ते जून, सगळे ऋतू बघून मग ठरवू. घर गावातच आहे, जुनं मातीच्या विटांचं, जाड भिंती, लायब्ररी आठ मिनिटं चालत, शाळा बारा. सासूबाई ऑक्टोबरमध्ये येतील. नवऱ्यानं पाण्याच्या बिलाची मागच्या बारा महिन्यांची कॉपी मालकाकडून मागून घेतली.

एक शंका. माझं कढीपत्त्याचं झाड आठ वर्षांचं, कुंडीत, माझ्या खांद्याएवढं झालंय. गाडीत सहा तास टिकेल का?

वाळ्याचा_पंखा

ताई, टिकेल, पण आणू नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर राहते, त्यामुळे ही रोपं एका भागातून दुसरीकडे न्यायला निर्बंध असतात. राज्याच्या शेतीखात्याला आधी फोन करून विचारा, तिकडच्या बागांचा प्रश्न आहे. नाही जमलं तर टूसॉनवरून जाणारच आहात, आमच्याकडे ठेवा, मी सांभाळतो. अर्थात तेसुद्धा विचारूनच.

लाल_मिरची

माझ्याकडे बियांपासून केलेली तीन रोपं आहेत, एक तुमचं. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याच्या खाली जातं, म्हणून नोव्हेंबर लागला की कुंडी आत दक्षिणेच्या खिडकीत. चावी कधी मिळतेय ते कळवा, पहिल्या दिवशी स्वयंपाक करू नका, मी भाकरी आणि पिठलं घेऊन येते. कूलरचे पॅड मालकानं बदललेत का तेवढं आधी विचारून घ्या.